एच जनुक, ‘बॉम्बे’ रक्तगट आणि दुहेरी ताळा



वार्षिक अहवाल म्हटला की जमाखर्चाचे पत्रक, रुग्णसंख्येचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली ही पाने ओघानेच येतात. त्यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखादा विषय सोप्या भाषेत मांडावा, ही आपल्या अहवालाची प्रथा आहे. यंदा आम्ही एक मानवी जनुक आणि त्या जनुकाच्या सांगण्यावरून शरीरात तयार होणारे प्रथिन हा विषय निवडला आहे. वरवर पाहता हा विषय महाविद्यालयीन प्रयोगशाळेतला वाटेल. परंतु त्याचा संबंध शस्त्रक्रियागृहाशी, प्रसूतिकक्षाशी आणि रक्ताच्या पिशवीसाठी रात्री-अपरात्री धावणाऱ्या नातेवाइकांशी अगदी थेट आहे. शिवाय हे जनुक काम करीनासे झाले तर काय होते, हे जगाला प्रथम समजले ते मुंबईच्या एका रुग्णालयातून. म्हणून हा विषय आपल्या घरचाच म्हणावा लागेल.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असून आमचे आयुष्य खतावण्या आणि ताळेबंद यांत गेले आहे. वैद्यकीय सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते आमच्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडत आहोत.

जनुक आणि प्रथिन

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे डीएनए या रेणूचा लांबच लांब धागा. या धाग्यावर ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक अक्षरांत मजकूर लिहिलेला असतो. एखादे विशिष्ट प्रथिन कसे बांधावे याची कृती ज्या तुकड्यात लिहिलेली असते, तो तुकडा म्हणजे ते प्रथिन घडविणारे जनुक. माणसाच्या शरीरात अशी सुमारे २०,००० जनुके आहेत.

प्रथिन हे अमिनो आम्लांच्या साखळीचे बनलेले असते. डीएनएची दर तीन अक्षरे मिळून एका अमिनो आम्लाचे नाव होते. हा नियम लक्षात ठेवला म्हणजे पुढील हिशेब सोपा जाईल.

आपले जनुक १९ व्या गुणसूत्रावर असते. शास्त्रीय यादीत त्याचे नाव एफयूटी-१ असे आहे. रक्तगटाच्या अभ्यासात त्याला एच जनुक म्हणतात. त्याच्या सांगण्यावरून तयार होणारे प्रथिन ३६५ अमिनो आम्लांचे असते. ते एक विकर आहे, म्हणजे शरीरातील विशिष्ट रासायनिक काम घडवून आणणारा कारागीर. फ्युकोज नावाची शर्करा घ्यायची आणि ती लाल रक्तपेशीच्या पृष्ठभागावरील शर्करांच्या साखळीच्या टोकाला जोडायची, एवढेच त्याचे काम. या जोडणीमुळे साखळीला जे नवे टोक मिळते, त्याला एच प्रतिजन म्हणतात.

खुंटी आणि वस्त्र

रक्तगटांचा शोध व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ए, बी, एबी आणि ओ हे गट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. मात्र ए आणि बी ही अक्षरे कशाला लावलेली आहेत, याचा विचार आपण क्वचितच करतो.

भिंतीवरील खुंटीचे उदाहरण घेऊ. एच प्रतिजन ही लाल पेशीवरची खुंटी आहे. ९ व्या गुणसूत्रावर एबीओ नावाचे दुसरे एक जनुक असते. त्याच्या एका रूपाने तयार होणारे विकर या खुंटीवर एका प्रकारची शर्करा अडकविते. तो ए गट. दुसऱ्या रूपाचे विकर वेगळी शर्करा अडकविते. तो बी गट. दोन्ही रूपे असली तर एबी. तिसऱ्या रूपातून कामाचे विकर तयारच होत नाही. खुंटी रिकामी राहते, आणि तो ओ गट. म्हणजे ओ गटाच्या माणसाच्या पेशीवर काहीच नसते असे नाही. तेथे एच ही खुंटी असतेच, किंबहुना सर्वांत अधिक संख्येने मोकळी असते.

आता प्रश्न असा की, खुंटी बसविणारा कारागीरच नसेल तर? ए किंवा बी शर्करा अडकविणारी विकरे शरीरात व्यवस्थित तयार होत असली तरी त्यांना काम करण्यासाठी जागाच उरत नाही. पेशीवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही. ही स्थिती म्हणजेच ‘बॉम्बे’ रक्तगट.

मुंबईतील शोध

मुंबईचे राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच परळचे केईएम, आणि त्याला जोडलेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया हे काम करीत होते. काही व्यक्तींचे रक्त तपासताना त्यांना एक कोडे पडले. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ दिसे. पण त्याच व्यक्तींचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींनाही गोळा करी. एकाच गटाची मानलेली दोन रक्ते परस्परांशी जुळत नव्हती.

हे रक्त लंडनला पाठविण्यात आले. तेथील रूथ सँगर आणि आर. आर. रेस हे रक्तगटांचे नामवंत अभ्यासक, तसेच डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स हे जीवरसायनतज्ज्ञ या कामात सहभागी झाले. या सात जणांच्या नावाने ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मे १९५२ मध्ये एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. एबीओ गटांशी संबंधित अशा एका ‘नव्या’ रक्तगुणाची ती पहिली नोंद होय.

१९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अशाच एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील स्त्री चाचणीत ओ दिसत होती, परंतु तिने आपल्या अपत्याला बी गुण दिला होता. म्हणजे तिच्यापाशी बी जनुक होते, फक्त ते प्रकट होत नव्हते. या लेखात मुंबईच्या शोधाची आठवण ठेवून ‘बॉम्बे’ हे नाव वापरले गेले आणि ते रूढ झाले. १९९५ मध्ये शहराचे अधिकृत इंग्रजी नाव मुंबई झाले; रक्तगटाचे नाव मात्र जगभर अजूनही बॉम्बेच आहे.

१९५७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. तीच संस्था आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था या नावाने केईएम रुग्णालयाच्या आवारात कार्यरत आहे. दुर्मीळ रक्तगटाविषयी शंका आल्यास देशभरातील रक्तपेढ्या तिच्याकडे नमुने पाठवितात.

एका अक्षराचा फरक

१९९० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या चमूने एच जनुकाचा मजकूर वाचला. त्यानंतर १९९७ मध्ये भारतीय बॉम्बे रक्तगटाचे कारण स्पष्ट झाले. या जनुकाच्या कृतीतील ७२५ व्या स्थानी टी हे अक्षर असावयास हवे, तेथे जी आलेले असते. तीन अक्षरांस एक अमिनो आम्ल या नियमाने २४१ अमिनो आम्लांची ७२३ अक्षरे होतात. म्हणजे ७२५ वे अक्षर हे २४२ व्या अमिनो आम्लाच्या नावातील मधले अक्षर ठरते. ते बदलल्यामुळे तेथे ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते. ३६५ कड्यांच्या साखळीतील ही एकच कडी वेगळी. पण तेवढ्याने विकर निकामी होते आणि खुंटी बसत नाही.

एच जनुकाच्या शेजारीच त्याचे एक भावंड-जनुक असते. ते लाळ आणि इतर स्रावांमध्ये हेच काम करते. भारतीय बॉम्बे गटाच्या व्यक्तींमध्ये हे दुसरे जनुकही गळालेले आढळते, त्यामुळे त्यांच्या लाळेतही एच नसतो. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर भारतीय वंशाच्या कुटुंबांत हाच बदल सापडला आहे. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशातून मजूर म्हणून तेथे गेलेल्या माणसांच्या रक्तातून तो समुद्र ओलांडून गेला.

वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की, एवढा महत्त्वाचा कारागीर नसला तर माणूस आजारी पडत असेल. तसे होत नाही, ही या विषयातील सर्वांत लक्षणीय गोष्ट आहे. बॉम्बे गटाची व्यक्ती पूर्णपणे निरोगी असते. तिला अशक्तपणा नसतो, कोणतेही औषध लागत नाही, आयुर्मर्यादेवर परिणाम होत नाही. हा आजार नव्हे. म्हणूनच तो माणसाच्या लक्षातही येत नाही. रक्त देण्याची किंवा घेण्याची वेळ येईपर्यंत सारे आयुष्य सुरळीत चालते.

‘ओ’ दिसते, पण ‘ओ’ नसते

आपल्या पेशींवर जी शर्करा नाही, तिच्याविरुद्ध शरीर प्रतिद्रव्ये, म्हणजेच अँटिबॉडीज, तयार करते. तशाच शर्करा आपल्या आतड्यांतील जिवाणूंवर असतात. त्यांच्या सहवासातून ही प्रतिद्रव्ये बालपणीच तयार होतात. ए गटाच्या रक्तात बी-विरोधी, बी गटाच्या रक्तात ए-विरोधी आणि ओ गटाच्या रक्तात दोन्हींविरोधी प्रतिद्रव्ये असतात. ओ गटाच्या व्यक्तीपाशी एच असल्यामुळे एच-विरोधी प्रतिद्रव्य मात्र तयार होत नाही.

बॉम्बे गटाच्या व्यक्तीपाशी ए, बी आणि एच यांपैकी काहीच नाही. त्यामुळे तिच्या रक्तद्रवात तिन्हींविरोधी प्रतिद्रव्ये असतात आणि ती शरीराच्या तापमानालाही जोरकसपणे काम करतात. अशा व्यक्तीला ओ गटाचे रक्त दिले गेले तर त्या पेशींवरील एच ओळखला जातो आणि चढविलेल्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटू लागतात. थंडी वाजून ताप येणे, कंबर दुखणे, लघवी लाल होणे, रक्तदाब घसरणे आणि मूत्रपिंड निकामी होणे असा तो क्रम असतो. त्यात जीव जाऊ शकतो. ज्या ओ रक्ताला आपण ‘सर्वांना चालणारे’ म्हणतो, तेच या एका माणसाला चालत नाही. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते, आणि तेही आरएच जुळवून.

रक्त देण्यापूर्वी पिशवीतील पेशी आणि रुग्णाचा रक्तद्रव एकत्र करून क्रॉसमॅच केले जाते. नियमानुसार झालेल्या क्रॉसमॅचमध्ये ही विसंगती उघड होते आणि अपघात टळतो. परंतु तोपर्यंत रुग्ण शस्त्रक्रियागृहात असतो, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव सुरू झालेला असतो, आणि एकामागून एक ओ पिशवी नाकारली जात असते. त्या घटकेला बॉम्बे गटाचा दाता शोधावयास निघणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. शिवाय अत्यंत तातडीच्या प्रसंगी क्रॉसमॅचची वाट न पाहता ओ रक्त देण्याची पद्धत असते. अशा वेळी पूर्वीची अचूक नोंद हाच एक आधार उरतो.

दुहेरी ताळा

येथे आमच्या पेशातील एक गोष्ट उपयोगी पडते. हिशेबात प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन्ही बाजूंना होते, नावे आणि जमा. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली तर हिशेब बरोबर मानावयाचा. एकच बाजू लिहिली तर चूक असूनही वही स्वच्छ दिसते.

रक्तगटाची तपासणीही दोन बाजूंची आहे. पहिल्या बाजूस रुग्णाच्या पेशी घेऊन त्यांवर ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव टाकतात. पेशी कोणत्या द्रवाने गोळा होतात यावरून गट ठरतो. याला पेशी-तपासणी म्हणतात. दुसऱ्या बाजूस रुग्णाचा रक्तद्रव घेऊन त्यात ज्ञात ए, बी आणि ओ पेशी मिसळतात. याला सीरम-तपासणी किंवा उलट तपासणी म्हणतात. दोन्ही निष्कर्ष जुळले तरच गट लिहावयाचा.

खऱ्या ओ गटाच्या व्यक्तीत पेशी-तपासणीत काहीच गोळा होत नाही. उलट तपासणीत ए आणि बी पेशी गोळा होतात, ओ पेशी मोकळ्या राहतात. बॉम्बे गटात पहिली बाजू हुबेहूब तशीच दिसते. फरक पडतो तो फक्त दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या नळीत: तेथे ओ पेशीही गोळा होतात. त्यानंतर एच-विरोधी द्रवाने खातरजमा करतात. हा द्रव युरोपातील गोर्स या पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. ओ पेशी त्याने गोळा होतात, बॉम्बे पेशी होत नाहीत.

ओ पेशींची ती एक नळी ठेवली नाही तर बॉम्बे गटाच्या व्यक्तीच्या कागदावर ‘ओ’ असेच लिहिले जाते. शाळेच्या ओळखपत्रासाठी, वाहन परवान्यासाठी किंवा शिबिरात काचपट्टीवर दोन-तीन थेंब टाकून केलेली तपासणी ही बहुधा एका बाजूचीच असते. ती निरुपयोगी नाही. पण तिच्यावर रक्त चढवू नये. परवानाधारक रक्तपेढीने, जिला २०२० पासून कायद्याच्या भाषेत रक्तकेंद्र म्हणतात, दोन्ही बाजूंची तपासणी करणे अपेक्षित असते.

एक अपवाद सांगितला पाहिजे. नवजात बालकाची स्वतःची प्रतिद्रव्ये पहिले काही महिने तयार झालेली नसतात. त्यामुळे त्याच्या बाबतीत उलट तपासणी भरवशाची नसते. लहानपणी लिहिलेला गट मोठेपणी पुन्हा तपासून घेणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

आपल्या परिसराचा हिशेब

युरोपात हा गट सुमारे दहा लाखांत एक इतका विरळा आहे. भारतात तो साधारणपणे दहा हजारांत एक मानला जातो. १९७४ मध्ये भाटिया आणि साठे यांनी प्रसिद्ध केलेल्या मुंबईच्या पाहणीत हे प्रमाण ७,६०० मध्ये एक असे आढळले होते. देशातील नोंदींत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

दहा हजारांत एक या प्रमाणाने सरळ हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाखांहून थोडी अधिक होती. म्हणजे या शहरात सुमारे ३०० माणसे बॉम्बे गटाची असावीत. महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येत ती ११ हजारांच्या घरात जातात. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. परंतु त्यातून एवढे नक्की कळते की ही माणसे दूर कोठे नाहीत. कोथरूडमध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून नोकरी-शिक्षणासाठी येऊन स्थिरावलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. चांदणी चौकातून खाली उतरणाऱ्या रुग्णवाहिका मुळशी आणि महामार्गावरून अपघातग्रस्तांना घेऊन येतात. त्यांतील एखादी व्यक्ती या तीनशेंपैकी असू शकते आणि बहुधा तिला स्वतःलाही ते ठाऊक नसते.

आणखी एक हिशेब आहे. आपल्याकडे साधारणपणे तीन माणसांत एक ओ गटाचा असतो. म्हणजे दहा हजार माणसांत सुमारे तेहतीसशे ‘ओ’ निघतील आणि त्यांतील एखादाच बॉम्बे असेल. तंत्रज्ञ ती शेवटची नळी तेहतीसशे वेळा लावील आणि बहुतेक प्रत्येक वेळी तिच्यात काहीच दिसणार नाही. काटकसरीच्या दृष्टीने पाहणाऱ्यास हा खर्च वाया गेल्यासारखा वाटेल. परंतु ज्या एका वेळी काही दिसेल, त्या वेळी एका घरातील माणूस वाचणार असतो. सर्व पावत्या तपासणाऱ्या लेखापरीक्षकाला बहुतेक पावत्या बरोबरच सापडतात. म्हणून तपासणी बंद करा असे कोणी म्हणत नाही.

कुटुंबांनी लक्षात ठेवावे असे

बॉम्बे गट होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही निकामी एच जनुक यावे लागते. दोघेही प्रत्येकी एक चांगले आणि एक निकामी जनुक बाळगणारे असले तर त्यांच्यात काहीच वेगळे दिसत नाही. पण प्रत्येक अपत्य बॉम्बे गटाचे असण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यातल्या नात्यात, उदाहरणार्थ मामाच्या मुलीशी, विवाह होतात त्या कुटुंबांत ही शक्यता वाढते, कारण एकाच पूर्वजाचे जनुक दोन्ही बाजूंनी येऊ शकते. हे कोणास दोष देण्यासाठी सांगत नाही. दाता शोधताना याचा उपयोग होतो. घरातील एक व्यक्ती बॉम्बे गटाची निघाली तर सर्वप्रथम तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करावी. दाता सापडण्याची सर्वाधिक आशा तेथेच असते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. आई-वडील दोघेही ‘ओ’ आणि मूल ‘बी’, किंवा आई ‘ओ’ आणि मूल ‘एबी’, असा अहवाल हाती आला की काही घरांत कुजबुज सुरू होते. शाळेत शिकलेला रक्तगटाचा नियम अर्धवट आठवून एखाद्या स्त्रीच्या चारित्र्यावर शंका घेतली जाते. १९५५ मधील त्या अमेरिकी स्त्रीचे उदाहरण येथे आठवावे. तिचा ‘ओ’ हा खरा ओ नव्हताच; तिचा बी गुण खुंटीअभावी लपून राहिला होता आणि तो अपत्यात प्रकट झाला. अशा विसंगतीचे सर्वांत साधे कारण नोंदीतील किंवा एका बाजूच्या तपासणीतील चूक हे असते. क्वचित बॉम्बे गट हेही असते. कागदावरच्या एका अक्षरावरून संसार मोडण्यापूर्वी दोन्ही बाजूंची तपासणी पुन्हा करून घ्यावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

ज्यांना आपला बॉम्बे गट निश्चितपणे कळला आहे, त्यांनी तो अधिकृत अहवालासह सदैव जवळ बाळगावा. गर्भवती भगिनींनी प्रसूतीच्या बऱ्याच आधी डॉक्टरांना कल्पना द्यावी. ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी प्रकृती साथ देत असल्यास स्वतःचेच रक्त काढून ठेवण्याचा मार्गही उपलब्ध असतो.

पिशवी टिकत नाही, माणसे टिकतात

काही देणगीदार आम्हांला विचारतात की, हे रक्त दुर्मीळ असेल तर ते आधीच साठवून का ठेवत नाही? लाल पेशींची पिशवी शीतकपाटात, त्यातील टिकाऊ द्रवानुसार, ३५ ते ४२ दिवसच राहते. दहा हजारांत एकाला लागणारे रक्त त्या मुदतीत नेमके लागेल असे नाही. उणे तापमानात गोठवून ते वर्षानुवर्षे ठेवता येते. पण ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. त्यामुळे बॉम्बे गटाची खरी पेढी म्हणजे हाकेला धावून येणाऱ्या दात्यांची अद्ययावत यादी. पुरुष दात्याला ९० दिवसांनी आणि स्त्री दात्याला १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते. म्हणून एका दात्यावर सारा भार न टाकता ती यादी लांब असणे आवश्यक आहे. बॉम्बे गटाच्या बंधु-भगिनींनी शिबिरात सहज रक्त देऊन टाकण्याऐवजी रक्तकेंद्रात आपले नाव नोंदवून बोलावणे येईल तेव्हा यावे, हे अधिक हिताचे. ही यादी रक्तकेंद्रापाशी, दात्याच्या संमतीने आणि गोपनीय असावी. रक्त विकण्याची पद्धत आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली आहे. दुर्मीळ रक्ताचाही त्यास अपवाद नाही.

देणगीदारांस विनंती

आपल्या रुग्णालयाची स्वतःची रक्तपेढी नाही. रक्त शहरातील परवानाधारक रक्तकेंद्रांतून आणले जाते. तथापि शस्त्रक्रियेसाठी आणि प्रसूतीसाठी दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाचा गट आपल्या प्रयोगशाळेत आधी तपासला जातो, आणि तो दोन्ही बाजूंनी तपासला जावा व नोंदवहीत दोन्ही रकाने भरल्याखेरीज त्यावर सही होऊ नये, हा आपला नियम आहे. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. लागतात त्या ताज्या ए, बी आणि ओ पेशी, तपासणीचे द्रव आणि तंत्रज्ञाचा थोडा अधिक वेळ. या पेशी एकदा विकत घेऊन वर्षभर ठेवता येत नाहीत. त्या पुनःपुन्हा तयार कराव्या किंवा आणाव्या लागतात.

देणगी देताना बहुतेकांची इच्छा दिसेल अशी वस्तू देण्याची असते. यंत्र दिले तर त्यावर दात्याच्या मातोश्रींच्या वा वडिलांच्या स्मरणार्थ पाटी लावता येते, आणि अशा देणग्यांवरच रुग्णालय उभे राहिले आहे, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. परंतु काचेच्या नळीतील ओ पेशींच्या थेंबावर पाटी लावता येत नाही. असा आवर्ती खर्च ताळेबंदात ‘प्रयोगशाळा साहित्य’ या एका ओळीत दडून जातो. आपल्यापैकी काहींनी आपली देणगी या ओळीसाठी द्यावी, अशी नम्र विनंती आहे. विश्वस्त मंडळासही आमचे सांगणे आहे की, खर्चात कपात करण्याची वेळ आली तरी या ओळीस हात लावू नये.

रुग्णांच्या आप्तेष्टांनीही रक्तगटाचा अहवाल हाती घेताना एवढे विचारावे: ‘उलट तपासणी झाली आहे ना?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही आणि आमच्या प्रयोगशाळेतील कोणास त्याचा राग येणार नाही.

डीएनएतील एक अक्षर बदलले आणि शरीरातील एक कारागीर कामाला आला नाही. निसर्गाने त्याबद्दल त्या माणसाला कोणताही आजार दिलेला नाही. संकट येते ते आपण त्याचा गट अर्धवट तपासून लिहितो तेव्हा. निसर्गाने केलेला बदल आपल्या हाती नाही. नोंदीची दुसरी बाजू पूर्ण करणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.



आपला नम्र,
व्यवस्थापक
कोथरूड, पुणे